'द रॉटर्स क्लब': विनोदी कादंबरीत बॉम्बस्फोट बसतो का?

धागाकर्ता: जोनाथन को यांची ही २००१ची कादंबरी सत्तरच्या दशकातल्या बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांची. बेंजामिन ट्रॉटर पोहण्याची चड्डी विसरतो, आता नागडं पोहावं लागणार म्हणून देवाचा धावा करतो, लॉकरमध्ये चड्डी सापडते आणि पोरगा आस्तिक होतो! उपरोध असा हलका. त्याच पुस्तकात पहिल्या भागाच्या शेवटी पबमध्ये बॉम्ब फुटतो आणि बहिणीचा, लोइसचा प्रियकर माल्कम मरतो. पुढचा भाग थेट १९७६मध्ये. शोकाला जागाच दिलेली नाही, त्यामुळे तो धक्का कथानकाची सोय वाटतो.

प्रतिसाद १: साफ असहमत. स्फोट लेखकाने रचलेला नाही. २१ नोव्हेंबर १९७४ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये २१ माणसं गेली, संशय आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेवर होता, म्हणून त्यानंतर कारखान्यांतल्या आयरिश कामगारांना सहकाऱ्यांचा राग सोसावा लागला. त्या शहरावर लिहिताना हे गाळलं असतं तर उरली असती नुसती शाळेची गंमत. आणि शोक एका प्रकरणात संपवायचा कशाला? 'द क्लोज्ड सर्कल' आणि 'मिडल इंग्लंड' या पुढच्या कादंबऱ्यांमध्येही लोइस तो वागवते आहे.

धागाकर्ता: पुढच्या पुस्तकांच्या भरवशावर हे पुस्तक का तोलायचं? इथे तिची वेदना बहुतेक भावाच्या नजरेतूनच दिसते.

प्रतिसाद २: मला खरी उणीव दुसरीकडे दिसते. स्टीव्ह रिचर्ड्स हा शाळेतला एकमेव काळा मुलगा. त्याचा अपमान दिसतो, पण घरी परतल्यावर तो काय विचार करतो ते जवळजवळ येत नाही. उलट लाँगब्रिज मोटार कारखान्यातला कामगार पुढारी बिल अँडरटन पुरता उभा राहतो: तत्त्वाने पक्का, संसारात लबाड. ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कंपनीतल्या संपाला पाठिंबा द्यायला तो लंडनला जातो, ते प्रकरण पुन्हा वाचा. तिथल्या कामगार जयाबेन देसाईंच्या पुढाकाराने १९७६मध्ये सुरू झालेला तो संप दोन वर्षांनी फसला. संघटित कामगारांची ताकद कशी ओसरली, हे तिथे भाषणाशिवाय कळतं.

प्रतिसाद १: स्टीव्हबद्दल मान्य. पण शेवटचं १३,९५५ शब्दांचं एकच वाक्य विसरू नका.

धागाकर्ता: ती तर निव्वळ कसरत. स्फूर्ती चेक लेखक बोहुमिल ह्राबालची, हे लेखकानेच सांगितलंय.

प्रतिसाद १: असेना. ते तुकड्यांत वाचलं तर धागा सुटतो आणि कसरतच वाटते. सलग वाचा. बेंजामिनला सुख कुठे थांबवावं कळत नाही, म्हणून पूर्णविराम नाही. आणि बाहेर मे १९७९ची निवडणूक येऊन ठेपली आहे, हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर जिंकणार आहेत, हे वाचकाला ठाऊक असतं, त्याला नसतं.