जुनी तेइस्को गिटार, सोनेरी पत्र्याचे पिकअप: घ्यावी का?

इंदुरात राजवाड्याजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात जपानी तेइस्को कंपनीची इलेक्ट्रिक गिटार आहे. एक पिकअप (तारांची कंपनं टिपून विजेचा सिग्नल करणारा भाग) अप्रतिम वाजतो, दुसरा मुका. बाराव्या फ्रेटनंतर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची पट्टी) बेसूर. काय तपासू?

उत्तर १: मान सरळ असेल तर सोडू नका! या पिकअपचा मऊ, तरीही टंकारदार आवाज नव्या गिटारीत सहसा मिळत नाही. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून फक्त मुका पिकअप चालू करा, मल्टिमीटर 20 किलोओहमवर लावून गिटारीला लावलेल्या केबलच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि बाही (टोकामागची धातूची नळी) यांच्यात मोजा. काही किलोओहम दिसले तर कॉइल (पिकअपमधलं तारेचं वेटोळं) जिवंत आहे. काहीच नाही दिसलं तर आधी स्विच: काँटॅक्ट क्लीनर मारून 20-25 वेळा खालीवर करा. पावसाळी दमटपणानं स्विचच्या आतले पत्रे काळे पडतात. मगच वायरींचे डाग (सोल्डरचे जोड) बघा.

उत्तर २: बेसूरपणा बहुधा ब्रिजचा (तारा ज्यावर टेकतात ती घोडी). तो नुसता टेकलेला असतो, म्हणून तारा एकेकच बदला. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेला स्वर) चढा असेल तर ब्रिज मागे सरकवा, उतरा असेल तर पुढे.

उत्तर ३: तारांना हात लावूनही घरघर तितकीच राहिली, तर टेलपीसची (तारांची मागची टोकं अडकवायचा भाग) अर्थिंगची वायर तुटली आहे. तेइस्को कंपनी 1967 मध्ये कावाई या जपानी वाद्य कंपनीकडे गेली. मूळ पिकअप मात्र बदलू नका, मुका असला तरी! कॉइल पुन्हा गुंडाळता येते.