चमक नको, शेवटचं गाणं ऐका

जुनी एलपी (ग्रामोफोनची तबकडी) विकणाऱ्याने 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, तबकडीच्या अवस्थेची एक वरची श्रेणी) लिहिलंय, फोटोत ती चकचकीत दिसतेय, तर घ्यावी का, असं एकाने विचारलंय. माझं मत: एवढ्यावर घेऊ नका. पुष्कळ विक्रेते ही श्रेणी नुसतं बघून ठरवतात, म्हणून वाजवून पाहिली आहे का हे आधी विचारा. 'गुड' तर त्या प्रतवारीत जवळजवळ तळाची पायरी आहे.

ओरखडा निदान दिसतो. खाचांची झीज फोटोत सहसा दिसत नाही, आणि जुन्या एलपींचं खरं नुकसान तिथेच झालेलं असतं. जड टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि बोथट सुईने खाचेच्या भिंती घासल्या जातात. तबकडी ३३ आरपीएमनेच (मिनिटाला ३३ फेरे) फिरत असली तरी मध्याकडे सुईखालून जाणारी खाच हळू सरकते, त्यामुळे आवाज आधी तिथे फाटतो. तेव्हा विक्रेत्याकडून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या, म्हणजे मध्याजवळच्या गाण्याचा तुकडा रेकॉर्ड करून मागवा, शक्यतो तार सप्तकातली जागा. खरखर धुऊन बरीच कमी होऊ शकते. फाटलेला सूर काही केल्या परत येत नाही.

लेबलवर छिद्राभोवती बारीक रेघांचं जाळं असेल तर तबकडी भरपूर वाजलेली आहे. पावसाळी बुरशीचे पांढरट डाग मात्र बरेचदा धुतल्यावर जातात, त्यापायी दुर्मीळ नाट्यसंगीत सोडू नका! वाकलेली आहे का ते कळायला फिरत्या तबकडीचा बाजूने काढलेला व्हिडिओ मागा. लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्या असतील तर कडेला केसाएवढा तडा नाही ना, हे दोन्ही बाजूंच्या फोटोंवरून तपासा.