थोरले भावजी म्हणतात, बाईचं काम नाही. तुमचं काय म्हणणं?

टेलरताई, उत्तमनगर

नमस्कार. मी उत्तमनगरला शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको रोजचंच, पण जून-जुलैत खरा हात चालतो तो एनसीसीच्या वर्द्यांवर. कॉलेजात वर्दी मिळते ठरावीक मापाची, ती अंगावर बसवून घ्यायला पोरं माझ्याकडे येतात. मुलांचं सोपं असतं. मोहरी वर, कंबर आत, झालं. मुलीची पँट आली की अख्खी उसवावी लागते. आसन लोंबतं, सीटला आवळते, कंबरेला चार बोटं सैल. शर्टाचा तीरा खांदा सोडून दंडावर उतरलेला. वीस वर्षं मी हेच करतेय, आणि इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की यात विचार करण्यासारखं काही आहे.

आता आहे, कारण माझी थोरली अकरावी सायन्सला आहे आणि तिला एनडीएत, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, जायचंय. एनडीएची हद्द आमच्यापासून हाकेवर. परेड जवळ आली की विमानं आमच्या गच्चीवरूनच जातात. ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली त्या दिवशी ही मशीनजवळ बसून मोबाइलवर बघत होती आणि मला काज्याचं माप चुकीचं सांगत होती. नंतर म्हणाली, मला पायदळच पाहिजे. मी म्हटलं, पायदळात मुलींना घेत नाहीत. म्हणाली, मी अधिकारी होईपर्यंत घेतील.

घरात वादळ आहे ते थोरल्या भावजींमुळे. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासमोर मी आजवर आवाज चढवलेला नाही, आणि ते उगाच बोलणारेही नाहीत, म्हणून तर प्रश्न पडलाय. त्यांचं म्हणणं असं: डॉक्टर होऊ दे, सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाला, जाऊ दे, विमान उडवू दे, माझी ना नाही. पण बंकरमध्ये सहा गडी पंधरा दिवस अंघोळीशिवाय एकमेकांच्या अंगावर झोपतात, तिथे बाई नको. जोडीदाराला गोळी लागली तर त्याला हत्यारासकट पाठीवर घेऊन उतार उतरावा लागतो, ते हिला झेपेल का? आणि शत्रूच्या हाती लागली तर? हे तिसरं बोलले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते.

मिस्टर रिक्षा चालवतात. ते म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. एका क्लासमध्ये चौकशीला गेले तर तिथला माणूस मुलीकडे न बघता मला म्हणाला, मुलींना जागा कमी असतात, बँकिंगची बॅच आहे.

तर विचारायचं हे की, लढाईच्या जागी बायकांना घ्यावं का? फौजेतल्या किंवा फौज जवळून पाहिलेल्या माणसांनी सांगावं. 'नारीशक्तीला सलाम' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं.

शुद्धलेखन_सदाशिव

'वर्दी' हा हिंदीतून आलेला वापर आहे. मराठीत 'गणवेश' म्हणतात. मूळ प्रश्नाबद्दल मत नाही.

टेलरताई, उत्तमनगर

काका, गणवेश शाळेचा. त्याचे मी ऐंशी रुपये घेते, वर्दीचे दीडशे.

बाणेरकर

भावना बाजूला ठेवून आकडे बघू. २०१५ साली अमेरिकेच्या मरीन कोअर या लढाऊ दलाने फक्त पुरुषांच्या आणि स्त्री-पुरुष मिश्र तुकड्यांची तुलना केली. १३४ पैकी ९३ कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या. जखमी माणूस उचलून नेणं, ओझं घेऊन चालणं, अडथळे पार करणं, म्हणजे तुमचे भावजी म्हणतात तेच सगळं. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी सगळी पदं महिलांना खुली केली. हा निर्णय राजकीय होता. आपण तोच कित्ता का गिरवायचा? समानता ऑफिसात ठीक आहे, खंदकात नाही.

खडकीचा सॅपर

ताई, मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या फौजी इंजिनिअरांतून, सुभेदार म्हणून निवृत्त. आता कोथरूडला एका सोसायटीत सुरक्षा बघतो. रात्रपाळीत वेळ असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या भावजींचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं लोक उडवून लावतात याचा मला राग येतो. ओझं खरं असतं. आम्ही बेली पूल बांधायचो, लोखंडी पॅनल जोडून उभा करतात तो. त्याचं एक पॅनल २६० किलोच्या आसपास, सहा जण उचलतात. माणशी ४३ किलो. ते चालत न्यायचं आणि पिन बसेपर्यंत धरून उभं राहायचं, बहुतेक वेळा अंधारात, पायाखाली चिखल. सहातला एक ढिला पडला तर बाकी पाच जणांच्या बोटांचं काही खरं नाही. माझ्या टोळीत एक ढिला गडी होता. चांगला सहा फुटी, मिशीवाला. त्याला आम्ही पिना मोजायला बसवला आणि त्याच्या जागी एक बुटका, पण कमरेत जोर असलेला पोरगा घेतला. फौजेला हे फार आधीपासून माहीत आहे की कोणतं काम कोणाला झेपतं. त्यासाठी चाचणी असते. चाचणी कामाची ठेवा. पायदळाचं काम काय, किती ओझं, किती अंतर, किती वेळ, ते आधी लिहून काढा आणि जो पास होईल तो आत. मुलींसाठी सैल करू नका आणि मुली आल्या म्हणून गुपचूप आवळूही नका. मग शंभरात दोनच पास झाल्या तर दोन. त्यात लाज कसली?

आता उरलेलं अर्धं. लोक म्हणतात, मुलींना पळायला जास्त मिनिटं देतात, मग समानता कुठली. अहो, पूर्ण ओझ्यासह पाच किलोमीटर पळायची बीपीईटी चाचणी असायची, तिच्यात चाळिशीनंतर मलाही जास्त मिनिटं मिळायची. तेव्हा कोणी म्हणालं नाही की सुभेदारसाहेबांना आघाडीवरून मागे घ्या. उलट सुरुंग काढायचा असला की मलाच पुढे घालायचे.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयात महिला अधिकाऱ्यांच्या पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, खटला चालला, तेव्हा सरकारतर्फे एक मुद्दा मांडला होता की जवान बहुतेक खेड्यांतून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. १७ फेब्रुवारीला निकाल लागला, न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. मी वाचलं आणि मला हसू आलं. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला. आमच्या युनिटला पहिल्यांदा डॉक्टर मॅडम आल्या, कॅप्टन. आठवडाभर एकही जवान आजारी पडला नाही. गळवं झालेली पोरं लंगडत फॉलइनला यायची, पण दाखवायला जायची नाहीत. आठव्या दिवशी एकाला हगवण लागली. तो गेला, बरा होऊन आला. त्याच संध्याकाळी बाहेर अकरा जणांची रांग. एवढीच लागते मनाची तयारी. आठ दिवस आणि एक हगवण.

बंकर आणि अंघोळीचं म्हणाल, तर अडचण आहे, पण ती ताडपत्रीची अडचण आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचीनला कुमार पोस्टवर गेल्या, १५,६०० फुटांवर, सॅपर टोळीच्या प्रमुख म्हणून. तिथे सोय झालीच ना? (त्या बंगाल सॅपर्सच्या. आमच्या बॉम्बेच्या नाहीत, एवढीच माझी खंत.)

कैदेचं मात्र विचारू नका. मला मुलगी आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गर्ल्स_बटालियन

मी एनसीसीत तीन वर्षं होते, 'सी' सर्टिफिकेट आहे. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, दोनदा बाहेर पडले, तेव्हा मोठ्या तोंडाने बोलत नाही.

बाणेरकर, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण अर्थ पुरा लावा. तो अभ्यास तुकड्यांची सरासरी सांगतो. सरासरी पुरुषही पॅरा कमांडो होत नाही, म्हणून आपण कमांडो बंद करत नाही. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रेंजर स्कूल या कडक लष्करी प्रशिक्षणातून पहिल्या दोन महिला उत्तीर्ण झाल्या. सॅपरकाका म्हणतात तेच हे.

काकू, तुमच्या क्लासवाल्याला सांगा, जागा कमी असतात हे खरं, पण जागा नसतातच असं नाही. न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुली पहिल्यांदा एनडीएच्या परीक्षेला बसल्या. पहिल्या तुकडीला १९ जागा होत्या: लष्कर १०, हवाई दल ६, नौदल ३. तीन वर्षांनी त्यातल्या १७ जणी खेत्रपाल मैदानावरून बाहेर पडल्या. लेखी परीक्षा ९०० गुणांची, तेवढेच गुण एसएसबीला. उंची किमान १५२ सेंटिमीटर. हवाई दल-नौदलाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवंच. नाशिकला मुलींसाठी सरकारची तयारीची संस्था आहे, पण तिथला प्रवेश दहावीनंतर. तुमचा तो रस्ता आता चुकला, धाकटी असेल तर लक्षात ठेवा.

आणि लेकीला एक स्पष्ट सांगा. पायदळ, रणगाडे आणि यांत्रिकी पायदळ आज मुलींना बंद आहे. हवाई दलात २०१६ पासून मुली लढाऊ विमानं उडवतात, तोफखान्यात एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी गेल्या. लोक मला सांगतात, कर्नल सोफिया कुरेशी बघ, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी टीव्हीवर अख्ख्या देशाला माहिती देत होत्या. त्यांचा मला अभिमान आहेच. २०१६ ला इथे औंधलाच बहुराष्ट्रीय सराव झाला, तेव्हा भारताच्या तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं. पण त्या सिग्नल्सच्या. पायदळाचा दरवाजा त्याने उघडत नाही. तो उघडेल या भरवशावर फॉर्म भरायचा असेल, तर तोफखाना मिळाला तरी ती खूश राहील का, हे आधी विचारा. मी स्वतःला ते विचारलं नव्हतं.

खडकी बाजार

इथे कधी लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

माझे मिस्टर फौजेत होते. पाठीला दुखापत, कमरेखाली काही नाही. खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे, १९७४ पासूनचं, तिथे होतो बराच काळ. आता घरी आहोत. भेटायला येणारा प्रत्येक जण मुरलीकांत पेटकरांचं नाव काढतो. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. मोठाच माणूस. पण रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. ते कोणी विचारत नाही.

तुमच्या भावजींनी विचारलं, गोळी लागली तर तिला जोडीदाराला उचलता येईल का. मी उलटं विचारते. तिला लागली तर? रणांगणातून तिला कोणीतरी उचलून आणेल, फौज आणतेच. पुढे पन्नास वर्षं कोण उचलणार? मिस्टरांना मी उचलते, कारण मी बायको. माझ्या ओळखीत अशा घरांत सगळीकडे बायको नाहीतर आई आहे. कूस बदलायला उठणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही. असेलही कुठे.

मी नाही म्हणत नाही. मिस्टरांना विचारलं, ते म्हणाले, जाऊ दे पोरीला, फौज चांगली आहे. फक्त तुमच्या घरात हा विषय पुरुषांच्या तोंडून होऊ द्या. तुमचे मिस्टर 'तुमचं तुम्ही बघा' म्हणाले, ते मला खटकलं.

बाणेरकर

या मुद्द्याचा मी विचार केला नव्हता. माझा आधीचा आक्षेप कायम आहे, पण हे वेगळंच आहे.

टेलरताई, उत्तमनगर

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही, मशीनची मोटर गेली होती.

खडकीच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते जेवत होते. काही बोलले नाहीत, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि रिक्षा घेऊन गेले. रात्री साडेअकराला आले आणि विचारलं, त्या माणसाचं वजन किती असेल? मी म्हटलं, मला काय माहीत. एवढंच. पण तेव्हापासून 'तुमचं तुम्ही' म्हणालेले नाहीत.

तोफखान्याचं लेकीला विचारलं. दोन दिवस घुम्यासारखी होती. मग म्हणाली, तोफ चालेल. गणित जास्त लागतं का, हे विचारायला सांगितलंय.

भावजींना सॅपरदादांचं वाचून दाखवलं. पॅनलचं वजन ऐकून म्हणाले, बरोबर सांगतोय गडी. बीपीईटीच्या मिनिटांवर हसले. मत मात्र बदललेलं नाही, आणि कैदेचा विषय निघाला की अजून उठून जातात. जाऊ देत. परवा रविवारी जुन्या बाजारातून मी एक फौजी पिट्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, आणला, साडेतीनशेला. त्यात दहा किलो तांदूळ भरून ही सिंहगड चढली. भावजी म्हणाले, दहा किलोला काय पिट्ठू म्हणतात का. पण खांदा सोलून आलीय, कारण पट्टे पुरुषाच्या छातीच्या रुंदीवर लावलेत, हिच्या खांद्यावरून घसरतात, आणि कंबरपट्टा येतो नेमका हाडावर. आज तो सगळा उसवून बसलेय. वरचे पट्टे दीड इंच जवळ घेतले, कंबरपट्टा दोन बोटं खाली.

सॅपरदादा, एकच विचारायचं राहिलं. या पट्ट्यांना कंपनीत कोणता दोरा वापरतात? माझा नेहमीचा चाळीस नंबर दोन टाक्यांत तुटतोय.