घर विकायला काढलंय, आई-बाबा दोघंच असतात, बघायला येणाऱ्यांची काळजी कशी घ्यायची?

मृण्मयी_बंगळुरू
नमस्कार मंडळी. कोथरूडला आमचा टू बीएचके आहे, जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांना आता जिने झेपत नाहीत म्हणून घर विकून दोघांना माझ्याकडे आणायचं ठरलंय. दोन साइटवर जाहिरात टाकली आणि तीन एजंटना सांगितलं, तेव्हापासून घराचं पार स्टेशन झालंय. कोणीही कधीही येतं, परवा तर दुपारी अडीचला बेल वाजली, बाबा झोपलेले, दोन माणसं दारात, म्हणाली एजंटनी पाठवलंय, एजंट सोबत नाहीच. आईने घेतलं आत. आणि आई म्हणजे आलेल्याला चहा विचारल्याशिवाय राहूच शकत नाही, ती स्वयंपाकघरात आणि हे दोघं आपले आतल्या खोलीत, कपाटं उघडून बघतायत, एकजण मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. जाताना सहज विचारावं तसं विचारलं की तुम्ही मुलीकडे कधी जाणार, तोपर्यंत घर बंद असेल का. आईने तारखा सांगून टाकल्या!! मला फोनवर हे कळल्यापासून झोप नाहीये. नंतर एजंटला फोन केला तर तो म्हणतो मी कोणाला पाठवलंच नाही. मी दर वेळी बंगळुरूहून येऊ शकत नाही, आईला रागावून पण उपयोग नाही, ती म्हणते आपल्याला घर विकायचंय तर लोक येणारच ना. काय करू?

ठाण्याची_सुनबाई
मृण्मयी, आमच्या सासूबाईंकडे अगदी हेच झालं म्हणून लिहितेय. दाराशेजारी भिंतीवर ते किल्ल्या अडकवायचं लाकडी स्टँड असतं ना, बहुतेक सगळ्यांकडे असतं, त्यावर लॅचची जादा किल्ली होती. एका रविवारी एजंट दोन पार्ट्या एकदमच घेऊन आला, एक गॅलरीत, एक बेडरूममध्ये, सासूबाई मधल्या मधे. किल्ली नाही हे आठ दिवसांनी लक्षात आलं, मोलकरणीला द्यायला शोधली तेव्हा. आधी संशय तिच्यावरच गेला घरातल्यांचा, ती बिचारी रडली, त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण बारा वर्षं येत होती ती. कोणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच दिवशी लॅच बदलून घेतला, चोरी झाली नाही पण महिनाभर सगळे घाबरून.
तर पहिलं काम, ते स्टँड आजच्या आज रिकामं करायला सांग. गाडीची किल्ली, लॅचची, कपाटाची, सगळ्या. मग सोनं आणि देवघरातली चांदी लॉकरला, समई आणि रोजच्या पूजेचं तांब्याचं ठेव बाहेर. फ्रिजवर बाबांची औषधं असतील तर ती पण उचल, नुसती पाकिटं बघून कळतं घरात कोण किती आजारी आहे. आणि दाराला साखळी नसेल तर लावून घे.

निवृत्त_सेक्रेटरी
ताई, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो त्यामुळे हे प्रकार गेटवरून बघितलेत. घरी येणाऱ्याला अडवायचं काम आईचं नाहीच, ते गेटचं आहे. तुमच्या सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या की अमुक फ्लॅट विक्रीला आहे, बघायला येणाऱ्यांची वहीत नाव, मोबाइल, गाडी नंबर नोंद करून मुलीला फोन केल्याशिवाय वर सोडू नये. गेटचं ॲप असेल तर परवानगी तुमच्या फोनवर येऊ दे, बंगळुरूत बसून हो-नाही म्हणता येतं. वॉचमनला बाबांच्या समोर नीट समजावून सांगा, रात्रीचा वॉचमन वेगळा असतो त्यालाही.
दुसरं, आई-बाबा तुमच्याकडे आल्यावर घर रिकामं राहील तेव्हा किल्ली तीन एजंटना वाटू नका. एकच सेट, तो विश्वासातल्या शेजाऱ्याकडे, त्यांनीच उघडायचं, त्यांनीच बंद करायचं. वॉचमनकडे ठेवू नका, वॉचमन बदलत असतात. दर काही दिवसांनी शेजाऱ्यांना आत एक चक्कर मारायला सांगा, दारातली पत्रकं, बिलं उचलायला सांगा, दारात कागद साठले की बंद घर लगेच ओळखू येतं.

एजंट_कर्वेनगर
मी याच धंद्यात आहे म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. तीन एजंट म्हणजे कोणीच जबाबदार नाही, एकालाच द्या आणि त्याला सांगा पार्टीसोबत तू स्वतः हजर पाहिजेस, एका वेळी एकच पार्टी, शनिवार-रविवार 11 ते 1, आधी नाव-नंबर व्हॉट्सॲपवर. खरा घेणारा यासाठी कधीच कुरकुर करत नाही, उलट त्याला बरं वाटतं. एजंटकडे महारेरा (घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर असेल तर महारेराच्या साइटवर बघून घ्या.
कागदपत्रांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, मला याची चोरीपेक्षा जास्त भीती वाटते. बघायला आलेल्याला इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), ॲग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांची झेरॉक्स देऊ नका, व्हॉट्सॲपवर फोटोही नाही. समोर बसून बघू दे. खोट्या मालकाला उभं करून घर विकायचे प्रकार याच कागदांवर होतात. बोलणी पक्की झाल्यावर द्यायची वेळ आली तर प्रत्येक पानावर आडवं लिहा, "फक्त फ्लॅट नं. अमुकच्या व्यवहारासाठी, अमुक यांना", तारीख, सही. आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, आधारच्या म्हणजे युआयडीएआयच्या साइटवर मिळतं. अधूनमधून नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून तुमच्या फ्लॅटवर काही नवीन नोंद झाली का बघत जा.
आणि जाहिरातीतले फोटो तपासा, त्यात तिजोरी, टीव्ही, कॅलेंडरवर लिहिलेल्या तारखा, दारावरची पाटी दिसत असेल तर आजच काढा. जाहिरातीत बाबांचा नंबर असेल तर तोही काढून स्वतःचा टाका, कारण घर न बघताच "टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणणारे हमखास फोन करतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे बाबांना दहा वेळा सांगा. तरी फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मृण्मयी_बंगळुरू
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच खूप धीर आला. काल बसून आईशी तासभर बोलले. किल्ल्या काढल्या, जाहिरातीचे फोटो बदलले (एका फोटोत खरंच बाबांचं कपाट उघडं होतं, मीच काढलेला फोटो), तीनपैकी दोन एजंटना नकार कळवला. चहावर मात्र आई ऐकेना, म्हणाली घरी आलेल्याला पाणीही विचारायचं नाही का, आणि तिला तसं वागायला लावणं मलाही बरं वाटेना. मग असं ठरलं की पाण्याचा जग आणि पेले आधीच हॉलमध्ये टेबलावर, चहा नाही, आणि आईने बैठकीतून उठायचंच नाही. घर दाखवायला मावसभाऊ, तो पार्टीच्या मागे मागे प्रत्येक खोलीत. कधी जाणार विचारलं तर "मुलगी ठरवेल, तिचा नंबर घ्या" एवढंच.
वॉचमनकाकांशी पण बोलले, ते म्हणाले त्या दोघांनी गेटवर दुसऱ्याच फ्लॅटचं नाव सांगितलं होतं. सेक्रेटरींना पत्र आज देतोय. रविवारी 11 ला एक पार्टी आहे, लॅच बदलणारा शनिवारीच येतोय.

ठाण्याची_सुनबाई
लॅच बदलल्यावर सगळ्या किल्ल्या मोजून घे गं, आणि मोलकरणीला नवी किल्ली स्वतः आईच्या हातून दे.