मदत हवी आहे: चढताना तेल फार तापतंय

मंडळी, मी ॲरिझोनात राहतो. गॅरेजमध्ये सहा वर्षं खपून दोन आसनी विमान बांधलं, इंजिन लायकमिंग ओ-३६०. आतापर्यंत अकरा तास उडवलंय. बाहेर ३८ अंश सेल्सिअस असताना चढाईत तेल २३२ अंश फॅरनहाइटवर जातं. लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, २४५ ची, मला १८० ते २०० हवंय. सिलिंडर हेड मात्र ४०० च्या आत आहेत, म्हणून कोडं पडलंय.

सेन्सर उकळत्या पाण्यात तपासला, बरोबर दाखवतो. व्हर्नाथर्म (तेल तापलं की लांबून ते कूलरकडे वळवणारी झडप) काढून गरम पाण्यात धरला. १८५ च्या आसपास नीट लांबतो. म्हणजे तेल कूलरमधूनच जात असणार. कूलर चौथ्या सिलिंडरमागे बॅफलवर, म्हणजे हवा इंजिनावरून वळवणाऱ्या पत्र्यावर, बसवलाय. बॅफलच्या फटी लाल सिलिकोनने बुजवल्या, तेव्हा जेमतेम ५ अंश उतरले.

माझा संशय हवेवर आहे. कूलरच्या पुढचा आणि मागचा दाब मोजायचाय. नळ्यांची तोंडं नेमकी कुठे ठेवू? की काउलिंगचं (इंजिनावरच्या आवरणाचं) हवा बाहेर पडायचं खालचं तोंड आधी मोठं करू? मोठा कूलर फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर) नेऊन चार इंची नळीने हवा दिलेली कुणाकडे आहे का? फरक किती पडला, आकड्यांत सांगा. तोवर पहाटेच उडतोय.