सेमाइल ओफिओलाइट नेमका कोणत्या सागरतळाचा?

प्रश्न
ओमानच्या डोंगरांत उघडा पडलेला सेमाइल ओफिओलाइट हा जुन्या सागरी कवचाचा तुकडा आहे, हे मान्य. परंतु ते कवच मध्य-सागरी पर्वतरांगेवर घडले की एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत असताना त्याच्या वरच्या बाजूस, हे रासायनिक पृथक्करणावरून सांगता येते का?

उत्तर १
येते, मात्र मूलद्रव्ये जपून निवडावी लागतात. बेसाल्टच्या भेगांतून समुद्राचे तापलेले पाणी फिरते तेव्हा सोडियम, पोटॅशियम व रुबिडियम यांचे मूळ प्रमाण बदलते, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम आणि थोरियम बहुधा जागचे हलत नाहीत. निओबियमच्या तुलनेत थोरियम वाढलेले दिसले, तर खाली जाणाऱ्या भूपट्टातील द्रव्य प्रावरणात मिसळले होते असे मानण्यास आधार मिळतो, आणि सेमाइलच्या वरच्या लाव्हांत ही खूण चांगलीच ठळक आहे.

उत्तर २
रसायनाला वयाची जोड द्यावी, म्हणजे कवच भूपट्ट सरकू लागण्याआधी घडले की नंतर हे कळते. वयासाठी बेसाल्टपेक्षा गॅब्रोत (कवचाच्या खोल भागातील भरड, गडद अग्निजन्य खडकात) शिरलेल्या प्लॅजिओग्रॅनाइट या फिकट अग्निजन्य खडकाच्या शिरा शोधाव्यात. त्यांतील मिलिमीटरच्या अंशाएवढे झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतात, शिसे जवळपास नाही. त्यामुळे आज सापडणारे शिसे मुख्यतः युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेले असते. या पद्धतीने सेमाइलच्या कवचाचे वय सुमारे ९.६ ते ९.५ कोटी वर्षे निघाले आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग तळाशी असलेल्या रूपांतरित खडकांचेही वय काढायला हवे ना?

उत्तर २
अवश्य. ते खडक भूपट्ट खाली सरकताना तापून व दाबून घडले. त्यांतील गार्नेट या खनिजाची ल्युटेशियम-हाफ्नियम वये (ल्युटेशियमचा ऱ्हास होऊन हाफ्नियम किती बनले यावरून काढलेली) सुमारे १०.४ कोटी वर्षांपर्यंत मागे जातात, म्हणजे भूपट्ट खाली सरकू लागल्यानंतर बऱ्याच काळाने हे कवच घडले असावे, आणि थोरियमची खूण याच्याशी जुळते.