यॉर्कशायरची ओसाड गावे

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंडमध्ये जो विध्वंस केला तो त्या काळच्या युद्धरीतीला धरूनच होता, हे आपले म्हणणे मला पटत नाही. १०६९ च्या जानेवारीत त्याने नेमलेला अर्ल (प्रांताचा कारभारी सरदार) डरहॅममध्ये मारला गेला आणि सप्टेंबरमध्ये डॅनिश आरमाराच्या साथीने बंडखोरांनी यॉर्क घेतले, तेव्हा त्याने चालून जाणे स्वाभाविक होते. परंतु यॉर्क पुन्हा ताब्यात आल्यावरही, ज्या शहरात त्याने नाताळ साजरा केला त्याच्याच आसपासच्या मुलखात, धान्य, गुरेढोरे आणि चीजवस्तू गोळा करून जाळण्यात आल्या. हा घाव बंडखोरांपेक्षा कुणब्यांच्या पोटावर होता. ऑर्डेरिक व्हायटॅलिस हा इतिहासकार एरवी विल्यमची स्तुती करतो, पण या कृत्याला मात्र तो क्षमा करत नाही. त्याने दिलेला लाखाहून अधिक भूकबळींचा आकडा शब्दशः घेता येणार नाही, हे मान्य. तरीही १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे विल्यमने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, यॉर्कशायरची पाने पाहावीत: गावाचे नाव, विल्यमच्या विजयापूर्वीच्या एडवर्ड राजाच्या काळातले मोल, आणि पुढे एकच शब्द, ‘ओसाड’. काही नोंदींमागे निव्वळ कारकुनी कारणे असतीलही, पण सोळा वर्षांनंतर इतकी गावे तशी नोंदवली जावीत, हे मला फार अस्वस्थ करते.